वरंब्यावरचा रंग

७ फेब्रुवारी

चि. मुंगळ्या,

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावा लागतो.

मी माफी मागायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते, म्हणजे तू शेवटच्या ओळीपर्यंत त्याची वाट बघत बसायला नको. तीन वर्षांपूर्वी मी जे बोलले ते आजही बोलेन. नवऱ्याला लांबची नोकरी मिळाली म्हणून बायकोनं हातातलं काम टाकून त्याच्या मागे जायलाच हवं, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. तुमचं दोघांचं पटलं नाही, तुम्ही वेगळे झालात, तू गेलास. ते तुमचं तुम्ही बघितलंत. पण माझ्याशी अबोला का, हे मला अजून कळलेलं नाही. मी तिच्या बाजूनं बोलले होते, तुझ्याविरुद्ध नव्हे. दोन्हींत फरक आहे, आणि तो कळण्याइतका तू हुशार आहेस. माझ्यावर गेला आहेस.

आता कामाचं. माझ्या मानेवरचा काळा डाग तुला माहीत आहे. हल्ली तो फुगला होता, खरबरीत झाला होता. मावशीनं बघितला आणि तिची झोप उडाली. तुझी मावशी कशी आहे तुला ठाऊकच आहे. साधी शिंक आली तरी सगळ्यांना निरोपाचे फोन करणारी बाई. रोज सकाळी 'दाखवलंस का, दाखवलंस का.' शेवटी तिचं तोंड बंद व्हावं म्हणून गेले एका कातडीच्या डॉक्टरकडे.

डॉक्टर चांगली आहे. उगाच घाई करत नाही. तिच्याकडे टॉर्चएवढं एक यंत्र आहे, डर्मोस्कोप म्हणतात. पुढे भिंग आणि भिंगाभोवती बारीक दिवे. कातडीवर टेकवलं की वरची चकाकी नाहीशी होते आणि आतलं दिसायला लागतं, तळ्याच्या पाण्यात वाकून सावली धरली की तळाचे दगड दिसतात ना, तसं. तिनं ते संगणकाला जोडलं होतं, म्हणून मलाही दिसत होतं. मानेवरच्या त्या भयंकर डागात बघावं तर पांढरे बारीक ठिपके, मोत्यांचा चुरा सांडल्यासारखे, आणि मधे मधे काळ्या खाचा. ती म्हणाली, "हे वयाचं आहे. वरून मेण चिकटवावं तसं असतं. दिसायला वाईट, मनानं गरीब."

मी म्हटलं, "म्हणजे अगदी मावशीसारखं."

ती इतकी हसली की यंत्र बाजूला ठेवावं लागलं.

आता तू विचारशील, त्या डॉक्टरला मावशी कशी माहीत. तर हो. तीच, जिच्या बाजूनं मी बोलले होते. गावात दुसरे कातडीचे डॉक्टर आहेत, पण मला चांगल्या डॉक्टरकडे जायचं होतं.

मग दंडावरचे तीळही बघितले. साध्या तिळात एक जाळी दिसते, सगळीकडे सारखी विणलेली, कडेला विरळ होत जाणारी. जाळी फाटलेली दिसली, एका बाजूला जाड दुसऱ्या बाजूला गायब, तपकिरीत काळा-निळा-राखाडी मिसळायला लागला, की ती सावध होते. माझ्या जाळ्या उत्तम आहेत. पायही बघितले, तळवे वगैरे. त्याला जरा वेळ लागला. असो.

मान ठणठणीत आहे. जेवत जा.

तुझी आई


१ मार्च

चि. मुंगळ्या,

माझ्या पत्रातला 'असो' तू बरोबर पकडलास, याचा मला आनंद झाला. पण मग मला विचारायचं सोडून मावशीला फोन केलास, आणि तिनं तुला अर्धं सांगून अर्धं रडून दाखवलं. तिच्या रडण्यातून तुला काय समजलं असेल देव जाणे. तेव्हा आता माझ्याकडून नीट ऐक.

त्या दिवशी मान झाल्यावर मी चपला शोधायला लागले, तर ती म्हणाली, "अहो आई, बसा. पाय राहिलेत अजून."

तिनं मध्यंतरी एकदा मला 'काकू' म्हणून बघितलं होतं. मी असं बघितलं तिच्याकडे की परत 'आई'वर आली. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते.

मी म्हटलं, "पायांना काय धाड भरलीय?"

"काही नसेल भरली. पण आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तिळासारखा दिसणारा कॅन्सर झाला तर बरेचदा तळव्याला नाहीतर नखाखाली होतो, आणि तिथं कुणी बघत नाही. म्हणून मी सगळ्यांचे बघते."

उजव्या टाचेला, आतल्या कडेला, एक तपकिरी डाग होता. मला ठाऊक होता तो. बुटाचा रंग लागलाय असं समजून मी रोज वजरीनं घासत होते. निवृत्त झाले तरी सकाळी उद्यानात माझी फेरी असते, माझ्या जागी आलेल्या नव्या अधीक्षकाला तेवढाच धाक. त्यामुळे बूट काही सुटलेले नाहीत. तिनं टाचेवर डर्मोस्कोप टेकवला आणि चित्र मोठं केलं. समोर पडद्यावर माझी टाच, ही एवढी. मी म्हटलं, "हे तर सरी-वरंबे काढलेले दिसतात."

तिला ते शब्द माहीत नव्हते. तळव्याच्या कातडीला रेघा असतात, बोटाच्या ठशाला असतात तशा. मोठ्या करून बघितल्या की वाफाच दिसतो. मी तिला सांगितलं, खोलगट ती सरी, उंच तो वरंबा, पाणी सरीतून सोडायचं आणि रोप वरंब्यावर लावायचं. ती ऐकत होती, पण नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"मग असं समजा," ती म्हणाली, "की साध्या तिळाचा रंग सरीत उतरतो, पाण्यासारखा. वाईट असतो तो वरंब्यावर चढतो."

"माझा कुठं आहे?"

"थांबा. खात्री करू."

तिनं शाईचं पेन घेतलं, टाचेवर शाई फासली आणि ओल्या कापसानं पुसून काढली. वरची शाई गेली, सऱ्यांमधली राहिली. पुन्हा भिंग टेकवलं. निळ्या रेघा एकीकडे, तपकिरी पट्टे त्यांच्या शेजारी, उंचावर. पट्ट्यांच्या माथ्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीनं. जन्मभर वाफे बघितलेत, मला वाचता येत होतं.

ती उठून हात धुवायला गेली. एकदा धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले. मग शेजारच्या खोलीतल्या तिच्या वरिष्ठांना घेऊन आली. त्यांना म्हणाली, "मी यांच्या घरातली आहे, म्हणून मी काही बोलत नाही. तुम्ही बघा आणि सांगा." त्यांनी बघितलं आणि तेच सांगितलं.

आता पुढचं ऐक, कारण यासाठीच मी एवढं लांबलचक लिहिते आहे. तुकडा काढून तपासायचा तर सर्जन लागतो. तो मोठा माणूस, पांढरे केस, बाहेर रांग. त्यानं आधी माझे बूट बघितले. "तासन्‌तास उभ्या राहता, बूट घासतो, आत रक्त साकळलंय," म्हणाला. "महिनाभर बूट बंद करा. मग बघू."

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं. मी तर बूट उचलायलाही लागले होते.

ती माझ्या शेजारी उभी होती. तिनं आवाज जराही चढवला नाही. "तुमचं बरोबर आहे सर, साकळलेलं रक्तही वरंब्यावर दिसतं," ती म्हणाली. त्यानं 'वरंबा' ऐकून भुवई वर केली, पण ती थांबली नाही. "म्हणूनच मी सुईनं वरचा थर अलगद खरवडून बघितला. रक्त असतं तर खरवडल्यावर निघून आलं असतं. हा रंग जागचा हलला नाही."

"तरी महिन्यानं काही बिघडत नाही."

"माझं चुकलं तर आईंची टाच थोडे दिवस दुखेल, सर. तुमचं चुकलं तर…" आणि वाक्य तिनं तिथंच सोडलं.

तो तिच्याकडे वळला. मला वाटलं आता ओरडणार. त्यानं खिशातून चष्मा काढला, तिच्या हातातला डर्मोस्कोप घेतला, खुर्ची ओढून माझ्या पायाशी बसला आणि स्वतः बघितलं. बराच वेळ बघितलं. "शुक्रवारी घेऊ," म्हणाला. भला माणूस आहे. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर 'बरं सर' म्हणून मला घरी घेऊन गेली असती, आणि मी आनंदानं गेले असते.

तू एकदा जेवताना म्हणाला होतास, "दिवसभर तीळ तर बघायचे. तिळाएवढं काम, ते कुठंही गेलं तरी करता येईल." आठवलं म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही.

शुक्रवारी तुकडा घेतला. टाके आहेत. रिपोर्ट यायचा आहे. मावशी राहायला आली आहे, म्हणजे आजारी कोण आहे ते येणाऱ्याला लवकर कळत नाही.

आई


१४ मार्च

मुंगळ्या,

काल तू फोन केलास. बोललास कमी, पण केलास. मी फोनवर 'ठीक आहे, ठीक आहे' करत होते, कारण मावशी दाराशी उभी होती. खरं इथं लिहिते.

मेलानोमाच आहे, कातडीचा कॅन्सर. पण वरच्या थरातच आहे, मुळं खाली उतरलेली नाहीत. रिपोर्ट घेऊन ती स्वतः घरी आली. खुर्ची रिकामी असून जमिनीवर बसली, माझ्या पायाशी, आणि एकेक ओळ वाचून समजावून सांगितली. भोवतीची आणखी कातडी कापायची, मांडीची कातडी घेऊन टाचेवर लावायची, काही आठवडे पाय टेकवायचा नाही, मग दर काही महिन्यांनी तपासणी. "इतक्या लवकर सापडला की बहुतेक माणसं बरी होतात," ती म्हणाली. मी विचारलं, "महिनाभर थांबलो असतो तर?" ती म्हणाली, "ते मी मोजत नाही. आपण थांबलो नाही."

ती रडली नाही. मीही नाही. आमच्या दोघींच्या वाटचं मावशीनं स्वयंपाकघरात उरकून घेतलं.

निघताना दारात ती बोलून गेली, "त्याला झोप लागत नाहीये." मग तिच्याच लक्षात आलं आणि चप्पल घालायला खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही. म्हणजे तू तिलाही फोन करतोस. मी काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

तुला एक काम सांगते. तुझ्या डाव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, काळा तीळ आहे. लहानपणी तुला आंघोळ मीच घातली, मला माहीत आहे. तिला विचारलं, तर म्हणाली हा रोग आईकडून मुलाकडे येतोच असं नाही, पण बघून घ्यायला काय जातं. तेव्हा तिकडच्या डॉक्टरकडे जा आणि बूट-मोजे काढ. भीती वाटत असेल तर वाटू दे. मलाही वाटते. सकाळी जाग आली की पहिल्यांदा टाचेचीच आठवण होते, मग दिवसाची. तरी शस्त्रक्रियेला मी एकटी नाही जाणार. ती येणार आहे, सर्जनच्या शेजारी उभी राहायला. मला त्या खोलीत त्याच्यापेक्षा तिचा जास्त भरवसा आहे, आणि हे मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मलाही."

आई


२ जून

चि. मुंगळ्या,

टाच धरली आहे. लावलेली कातडी रुजली, असं मी म्हणते. ती म्हणते 'जगली.' कापलेल्या तुकड्याच्या कडा पूर्ण स्वच्छ निघाल्या, म्हणजे आत रोग उरलेला नाही. परवापासून काठी घेऊन उद्यानाच्या फाटकापर्यंत जाते. नव्या अधीक्षकानं गुलाबांची छाटणी भलत्या वेळी केली आहे, त्याच्याशी बोलायला पाय लवकर बरा व्हायला हवा होताच.

तुझ्या डॉक्टरनं तुझ्या तळव्याचा डर्मोस्कोपमधून फोटो काढला आणि तू तो तिला पाठवलास, हे मला तिनंच सांगितलं. संध्याकाळी आली आणि विचारलं, "आई, मी उत्तर दिलं तर चालेल ना?" मी म्हटलं, डॉक्टरनं पेशंटला उत्तर द्यायचं नाही तर कुणी द्यायचं? तिनं माझ्यासमोरच लिहिलं. एकच शब्द. 'सरी.' मग तुला तो कळणार नाही म्हणून पुढे सगळं समजावून लिहीत बसली, चहा गार होईपर्यंत. मी तिथं नसल्यासारखी कोबीचं रोप बघत होते.

पण मला आज वेगळंच सांगायचं आहे. काल त्यांच्या रुग्णालयात तिचं भाषण होतं. नवे डॉक्टर, लहान दवाखाने चालवणारे डॉक्टर, नर्सेस, असा मोठा हॉल भरला होता. ती मला आधी विचारून गेली होती, "तुमच्या टाचेचा फोटो दाखवला तर चालेल? नाव नाही सांगणार." मी म्हटलं दाखव, पण मी बघायला येणार. मावशी आणि मी शेवटच्या रांगेत बसलो. सर्जन पहिल्या रांगेत होता.

तू तिला अशी उभी राहिलेली कधी बघितली आहेस का? बघितली नसणार, मीही नव्हती बघितली. घरी ती पाणी मागायची तेही हळू आवाजात. तिथं तिनं दिवे बंद करायला सांगितले आणि भिंतीवर दोन तळवे आले, शेजारी शेजारी. उजवीकडे माझी टाच. डावीकडचा तळवा मी एका क्षणात ओळखला. अंगठ्याखाली ती काचेची जुनी खूण, तळ्याच्या काठी पाय कापून घेतला होतास ती. तिनं तुझी परवानगी घेतली होती, तू दिलीस, आणि दोघांनी मला सांगितलं नाहीत. तीन वर्षं आपण एका खोलीत बसलो नाही, आणि काल त्या भिंतीवर आपण दोघं होतो. मावशीनं माझा हात धरला. तिलाही कळलं होतं.

तिनं हॉलला विचारलं, "यातला कुठला डाग काढायचा?" तुझा तीळ काळाकुट्ट, माझा फिकट तपकिरी. बहुतेक हात तुझ्यासाठी वर गेले. मला धडकी भरली, ते सगळे डॉक्टर होते रे. मग तिनं दोन्ही जवळून दाखवले. तुझ्यात काळ्या रेघा सऱ्यांतून सरळ वाहताना. माझ्यात रंग वरंब्यांवर चढून बसलेला. तिनं तेच शब्द वापरले, सरी आणि वरंबा, आणि ते कुणाकडून शिकली तेही सांगितलं: "एका पेशंटकडून." हॉलमध्ये कुजबुज झाली. पहिल्यांदा चुकीचे हात वर केलेल्या मुली माना वाकवून लिहून घेत होत्या. मग रक्त साकळण्याची गोष्ट आली आणि सुईनं खरवडून बघायची. तेव्हा सर्जननं जागेवरूनच सांगितलं, "इथं मी चुकणार होतो." सगळ्यांसमोर. तिनं त्यावर मान लववली आणि पुढचं चित्र लावलं, जणू काही झालंच नाही.

शेवटी तिनं विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. मी काठी टेकून उभी राहिले. मावशी पदर ओढत होती, बस म्हणत होती. मी म्हटलं, "उजवीकडचा पाय माझा आहे. डावीकडचा माझ्या मुलाचा."

सगळा हॉल मागे वळला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग मॅडम तुमच्या कोण?"

"माझी सून," मी म्हटलं.

टाळ्या पुरत्या थांबल्या नव्हत्या, तिला नीट ऐकू गेलं नसावं. "माजी सून?" तिनं पुन्हा विचारलं.

मी पुन्हा तोंड उघडलं. तोवर व्यासपीठावरून माइकमध्ये तुझी डॉक्टरीण म्हणाली, "दोन्ही बरोबर आहे."

मोठा हशा झाला. तीही हसली. मी बसले नाही, तशीच उभी राहिले, ताठ, जेवढं त्या टाचेवर राहता येतं तेवढी. लोक बघत होते, तर बघू देत म्हटलं.

तू पुढच्या महिन्यात येतोयस, असं मला त्याच बाजूनं कळलं आहे. मला सांगायला लाजतोस, ते ठीक आहे. तुमचं दोघांचं पुढे काय व्हायचं ते होईल किंवा होणार नाही; मी त्यात बोलणार नाही, आणि मी बोलले नाही याचं मावशीला आश्चर्य वाटतंय. पण तू आलास की एक दिवस तिच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून बघ. एक सकाळ पुरे. माणसं कशी घाबरलेली आत जातात आणि कशी बाहेर येतात, ते बघ. मी बसते कधी कधी. कुणी विचारलं तर सांगते की माझा नंबर यायचा आहे.

तुझी आई